पहिल्या पायरीचा निकाल

आमच्या ग्राउंडवर फुटबॉलच्या मॅचला लाइनमन नसायचा. म्हणजे असायचा, पण त्याचं कोणी ऐकायचं नाही. बॉल रेषेच्या बाहेर गेला की नाही यावरून वाद पेटला की दोन्ही टीमची पोरं, रेफरी आणि झेंडा धरलेला तो बिचारा लाइनमन, सगळे मिळून गॅलरीकडे बघायचे आणि कोणीतरी ओरडायचं, ‘पायरीला विचारा रे!’ पायरी म्हणजे दगडी गॅलरीची सगळ्यात खालची, पहिली पायरी. तिथं बसलेली म्हातारी माणसं मग हात करायची. हात सरळ वर गेला तर बॉल आत, आडवा फिरला तर बाहेर. विषय संपला. पायरीनं निकाल दिला की परत कोणी तोंड उघडायचं नाही, मग समोर कल्याणची टीम असो नाहीतर कुणा पुढाऱ्याचा भाचा खेळत असो.

माझे बाबा त्या पायरीवरचे. आणि ज्या ट्रॅकपायी ती पायरी गेली, त्या ट्रॅकसाठी पालिकेत चपला झिजवणारी बाई म्हणजे मी. आता बोला.

ग्राउंड अंबरनाथमधलं, स्वातंत्र्याच्याही आधीचं. एका कंपनीनं आपल्या कामगारांसाठी बांधलं होतं. कंपनी कधीच बंद पडली. चिमणी पाडली, शेड भंगारात गेल्या, तिथं टॉवर उभे राहिले, पण ग्राउंड तेवढं वाचलं आणि पालिकेकडे आलं. एका बाजूला नाला आणि रस्ता, दुसऱ्या बाजूला काळ्या दगडाच्या पायऱ्यांची लांबलचक गॅलरी. पूर्वी प्रत्येक खात्याची पायरी ठरलेली असायची. ऑफिसवाले सगळ्यात वर सावलीत, मशिन शॉप मध्ये, फौंड्री त्याखाली. पण पहिली पायरी कुठल्याच खात्याची नव्हती. जे कंपनीच्या टीममधून खेळून मोकळे झाले, त्यांनीच तिथं बसायचं. बाबा फौंड्रीत होते आणि टीममध्ये फुलबॅक. रिटायर झाले त्याच संध्याकाळी, गळ्यातला हार घरी ठेवून, ते जाऊन पायरीवर बसले. आई म्हणाली, ‘अहो, चहा तरी घ्या.’ म्हणाले, ‘आल्यावर.’

माझे आजोबा गावी असताना त्यांना देवळाच्या पायरीला पायच काय, हातही लावायची सोय नव्हती. मग ते धम्मात आले आणि गावही सुटलं. बाबांनी ती पायरी आणि ही पायरी एकत्र जोडून कधी बोलून दाखवलं नाही. त्यांचा तो स्वभावच नाही, विहारात भाषणाला उभे केले तरी ‘बसा, वंदना घ्या’ एवढंच बोलून खाली बसणारा माणूस. पण ते दगडावर बसून हात आडवा करायचे आणि वर सावलीतले ऑफिसरही मान डोलावून गप्प बसायचे, हे मी लहानपणापासून बघत आले. मला विचाराल तर बाबांची खरी नोकरी तीच होती, फौंड्रीतली नुसती पोटासाठी.

मी पी.टी.ची मॅडम. शाळा उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये, घर बदलापूरला शिरगावात आणि संध्याकाळी अंबरनाथच्या ग्राउंडवर मुलींना धावायला शिकवायचं. कुणी सांगितलंय असं नाही, पगारही नाही, आमचे हे तर म्हणतात की तुला खाज आहे. असेल. मी स्वतः शाळेत असताना धावायचे, बऱ्यापैकी धावायचे, आणि पुढे धावायला जागाच मिळाली नाही. ग्राउंड फुटबॉलचं. आम्ही मुली म्हणजे कडेकडेनं, पाव्हण्यासारख्या. मी मॅडम झाले तरी त्यात काही फरक पडला नाही. दुपारच्या उन्हात वाकून वाकून मी फक्की मारून लेन आखायची आणि तासाभरात फुटबॉलची पोरं बूट घासत त्यावरून जाऊन सगळं पांढरं पीठ करून ठेवायची. बोललं की, ‘सॉरी मॅडम, दिखा नहीं.’ अरे गाढवा, एवढी पांढरी रेघ तुला दिखत नाही? एका नळावर पाणी भरणाऱ्या दोन चाळींसारखं आमचं चालायचं, भांडणही रोजचं आणि सुटकाही नाही.

मग एक वर्ष असं आलं की माझं डोकंच फिरलं. आमची एक मुलगी, कुळगावची, वडील रिक्षा चालवायचे. पायात वारं होतं तिच्या. जिल्ह्याच्या निवड स्पर्धेला तिला घेऊन गेले. तिथं लाल सिंथेटिक ट्रॅक. तिनं आयुष्यात त्यावर पाय ठेवलेला नाही. कॅम्पमधल्या एका सिंधी दुकानदारानं, ‘ले जाओ मॅडम, बच्ची जीतके आई तो मिठाई खिलाना साईं,’ म्हणत स्पाईकचे बूट दिले होते, तेही तिच्या पायात पहिल्यांदाच. पहिल्या वळणावर खिळे रबरात रुतले आणि पोरगी तोंडावर आपटली. सगळ्या जिल्ह्यासमोर. उठली, धावली, शेवटची आली. तिथल्या जिन्याखाली बसून गुडघा पुसताना मला म्हणाली, ‘मॅडम, खालून कुणीतरी पाय धरत होतं.’ तिला समजावलं, पुढच्या वर्षी बघू म्हटलं. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. तिची आई म्हणाली, मॅडम आता पुरे झालं, तिला दुकानात लावलीय.

स्पर्धेहून परतले त्या संध्याकाळी बाबांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालताना मी हे सगळं त्यांना सांगितलं होतं. मी रडले पण होते. बाबा डोळे मिटून नुसते ‘हं, हं’ करत होते.

आता डोळ्यांचं सांगायला हवं. बाबांना काचबिंदू. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळा. ती काही सांभाळली गेली नाही. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं धुरकट झालं, आणि शेवटी उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. मला त्यांनी बजावून ठेवलं होतं, ‘बाय, पायरीवर यातलं काही बोलायचं नाही हां.’ आम्ही कोकणातले, आमच्यात मुलीला लाडानं बाय म्हणतात. मी साठीकडे झुकले तरी त्यांची बायच.

तोपर्यंत पहिल्या पायरीवरची बाकीची माणसं एकेक करत गेली होती. बाबा एकटेच उरले होते आणि निकाल अजून त्यांच्याकडेच यायचा. मला पहिल्यांदा धडकीच भरली. म्हटलं, एक दिवस हे चुकीचा हात करतील आणि सगळ्या गावात शोभा होईल. पण हात चुकेना. शेवटी मी विचारलंच, ‘बाबा, तुम्हाला कळतं कसं?’

‘त्यात काय,’ म्हणाले. ‘रेषेच्या बाहेर मुरूम आहे. बॉल गवतावर गप जातो, मुरमावर बोलतो.’

पहिली पायरी रेषेला इतकी खेटून होती की वळणाऱ्या पोराचा घाम अंगावर उडायचा. बुटांची धावपळ, बॉलला बसलेली लाथ, ‘दे दे, मागे दे’, शिव्या, धापा, सगळं त्यांना तिथं बसून कळायचं. कोण दमलाय, कोण मुद्दाम पडला, हेसुद्धा सांगायचे. बाकी दिवसभर त्या अंबरनाथच्या खोलीत हा माणूस भिंती चाचपत फिरायचा, दूध उतू जायचं, चष्मा डोक्यावर असायचा आणि शोधायचा गादीखाली. आई गेल्यापासून मी हात जोडून सांगत होते, शिरगावला चला, माझ्याकडे राहा. बदलापूर ते उल्हासनगर, तिथून अंबरनाथ, मुलींची प्रॅक्टिस, मग बाबांच्या चार पोळ्या लाटायच्या आणि परत बदलापूर. माझे गुडघे बोलायला लागले होते. पण बाबांचं एकच, ‘तुझ्या शिरगावात आहे काय? लिफ्ट आहे.’ एवढं बोलून काठी घेऊन पायरीकडे निघायचे.

ती पोरगी पडली तेव्हापासून मी ट्रॅकसाठी पालिकेत अर्ज करत राहिले. एकदाची पालिकेला जाग आली म्हणा किंवा कुणाच्या तरी मनात आलं म्हणा, ग्राउंड नव्यानं बांधायचं ठरलं. ऐतिहासिक ग्राउंड, फुटबॉलही होईल आणि धावण्याच्या स्पर्धाही होतील, असा बोर्ड लागला. आर्किटेक्ट ठाण्याहून यायची, तरुण मुलगी, उन्हात टोपी घालून फिरणारी, गोड बोलणारी. एके दिवशी तिनं पायरीवरच नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि मला बोलावलं.

‘मॅडम, लांबीला प्रश्न नाही. रुंदी कमी पडतेय.’

नाल्याच्या बाजूनं सरकायला जागा नव्हती. गॅलरी आहे तशी ठेवली तर ट्रॅकला चारच लेन बसत होत्या, आणि चार लेनच्या ट्रॅकवर जिल्ह्याची स्पर्धा कोणी घेत नाही. म्हणजे पोरींना पुन्हा दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या ट्रॅकवर जाऊन पडायचं. गॅलरीचा खालचा भाग काढला तर पूर्ण आठ लेन बसतात. वरच्या पायऱ्या जुनी आठवण म्हणून ठेवू, त्यांच्यावर नवीन स्टँड चढवू, असं ती म्हणाली.

‘आणि फुटबॉल?’

‘फुटबॉल मधे. फक्त बघणाऱ्यांपासून थोडं लांब जाईल.’

‘थोडं म्हणजे किती?’

तिनं बोट करून दाखवलं. मी बघतच राहिले. ट्रॅकची सगळी रुंदी, त्यापुढे मोकळी पट्टी, त्यापुढे फुटबॉलची रेषा, आणि स्टँडची पहिली रांग डोक्याइतकी उंच. डोळे असलेल्याला फरक पडला नसता. तिच्या बिचारीचं काही चुकत नव्हतं. घरी येऊन मी भांडी जरा जास्तच आपटली, तर आमच्या ह्यांनी विचारलं, ‘आता काय झालं? ट्रॅक होतोय ना तुझा?’ म्हटलं, ‘हो, होतोय.’

मग पालिकेनं लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली. ग्राउंडवरच, मांडव घालून. सगळा गाव लोटला. एका बाजूला फुटबॉलवाले, दुसऱ्या बाजूला माझ्या मुलींचे आईबाप, मध्ये माईक धरलेले साहेब. सुरुवातीला साहेब-साहेब झालं, आणि मग जे व्हायचं तेच झालं.

‘आमच्या बापजाद्यांच्या पायऱ्या आहेत या! हात लावून तर बघा!’

‘मग पोरींनी काय हायवेला धावायचं का? कुत्री मागं लागतात, ट्रकवाले हॉर्न मारतात!’

‘तो दूसरा ग्राउंड बनाओ ना! हमारा क्यूं तोडते?’

‘तुमचं काय तुमचं? सातबारा आहे का तुमच्या नावावर?’

आवाज चढत गेले. साहेबांच्या हातातला रुमाल भिजला. मी आईबापांच्यात बसले होते. चार जणांनी मला ढोसलं, ‘मॅडम, तुम्ही बोला ना, तुमचाच तर विषय आहे.’ काय बोलू, कपाळ? एवढ्यात मागून कुणीतरी, अर्धवट चेष्टेतच, ओरडलं, ‘अरे, पायरीला विचारा रे!’

लोक हसले. आणि मग हसता हसता थांबले. एकेक मान वळत गेली. बाबा नेहमीच्या जागी बसले होते, काठी गुडघ्यांत, पांढरा सदरा, टोपी. साहेबांना काही कळेना. फुटबॉलचा कोच, जो मघापासून सगळ्यात जास्त ओरडत होता, तोच त्यांना म्हणाला, ‘साहेब, इथं असंच असतं. पायरी सांगेल ते आम्हाला मान्य.’

मनात म्हटलं, बाबा, सरळ वर करा. पायरी राहू दे. जाऊ दे तो ट्रॅक खड्ड्यात, इतकी वर्षं नव्हता तर काय मेलो का आम्ही? आणि लगेच ती जिन्याखाली बसलेली पोरगी डोळ्यांसमोर आली. मला दोन्ही हवं होतं. खरं तर मला एवढंच हवं होतं की यातलं काहीच माझ्या बापाला विचारू नये.

बाबांनी आर्किटेक्टला हाक मारली. ‘पोरी, तुझी ती शेवटची रेषा जाते कुठून?’

ती गोंधळली. मग उठली, पायऱ्या चढून त्यांच्या मागे दोन पायऱ्या सोडून उभी राहिली. ‘इथून जाते, आजोबा.’

‘माझ्या मागून?’

‘हो.’

‘म्हणजे मी रेषेच्या आत बसलोय.’

ती माझ्याकडे बघत होती, मी मान खाली घातली.

‘आत बसून कसं चालेल?’ असं बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात उचलला आणि आडवा फिरवला.

बाहेर.

मला वाटलं, आता तरी हे फुटबॉलवाले उठतील, दंगा करतील, खुर्च्या फेकतील, मोडतील हा निकाल. एवढी तोंडाळ पोरं, रोज रेफरीची आईबहीण काढणारी! पण पायरीचा निकाल पडला होता. कोच उठला आणि साहेबांसमोर जाऊन म्हणाला, ‘लिहून घ्या, आमची हरकत नाही.’ त्याचा आवाज फाटला होता. एकेक जण मान खाली घालून निघून गेला. माझ्या बाजूचे आईबाप टाळ्या वाजवायला लागले, मी त्यांचे हात धरून खाली केले.

घरी येताना मी तोंड सोडलं. ‘कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी मागितलं होतं का? चारच्या सहा लेन कुठूनतरी जमल्या असत्या, भांडून, काहीतरी करून! सगळ्यांना मोठेपणा दाखवायचा, आणि आता बसणार कुठे तुम्ही? सांगा ना, बसणार कुठे?’

बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. रस्त्यात खोदकाम होतं, मी त्यांना वळसा घालून नेत होते आणि बडबडत होते.

‘खोटा हात मी कधी केला नाही बाय,’ ते म्हणाले. ‘आज केला असता तर तुझ्या त्या पोरीचा पाय पायरीनंच धरला असता.’

मला वाटलं होतं, ते तेव्हा नुसते हं हं करत होते.

जेसीबी आला त्या दिवशी बाबा खोलीतून बाहेर पडले नाहीत. मी गेले. जुनं बांधकाम, लवकर निघेना. दगड निघाला की खालून ओली माती आणि बिड्यांची थोटकं निघायची. ड्रायव्हर वैतागला होता, म्हणाला, ‘मॅडम, क्या पक्का काम किया था लोगोंने.’ पहिली पायरी शेवटी निघाली. ट्रकमध्ये टाकताना बाबांच्या जागेवरच्या दगडाचे दोन तुकडे झाले.

त्याच आठवड्यात मी पोळ्या करायला गेले तर बाबांची पिशवी दारात भरून ठेवलेली. दोन सदरे, औषधाची बाटली, आईचा फोटो. म्हणाले, ‘चल, तुझी लिफ्ट बघू.’ कित्येक वर्षं मी ज्याच्या मागे लागले होते ते झालं होतं, आणि मला आनंद काही झाला नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

शिरगावात ते खिडकीशी बसायचे. खाली मुलं क्रिकेट खेळायची. मी विचारायची, ‘कळतंय का काही?’ तर म्हणायचे, ‘रबरी बॉल आहे, मुका आहे.’ हळूहळू त्यांचं बोलणंच कमी झालं. सकाळी उठायचं, चहा घ्यायचा, खिडकी, जेवण, खिडकी. फक्त संध्याकाळी मी आले की विचारायचे, ‘कुठपर्यंत आलं काम?’

आणि काम कुठपर्यंतही येत नव्हतं. पावसात खोदलेल्या ग्राउंडचं तळं झालं, म्हशी बसायला लागल्या. ठेकेदार बदलला. साहेब बदलले. आर्किटेक्टचं लग्न झालं, ती पुण्याला गेली, तरी फोन करून विचारायची ती एकटीच. मधल्या काळात माझ्या मुली हायवेच्या कडेला धावत होत्या. मी पालिकेच्या बाकावर बसून राहायची. ‘झालंच मॅडम, फाइल वर गेलीय.’ वर म्हणजे कुठे, देवाच्या घरी? खरं सांगते, एक वेळ अशी आली की मला तो ट्रॅक झाला काय नि न झाला काय, सारखंच वाटायला लागलं. फक्त बाबांना संध्याकाळी काहीतरी सांगायला हवं म्हणून मी जात राहिले.

झालं एकदाचं. लाल ट्रॅक, मधे हिरवंगार गवत, वर स्टँड, त्याला निळ्या खुर्च्या. उद्घाटनाला ही गर्दी. आणि आमची माणसं बघा, ट्रॅक ओलांडायची वेळ आली की कडेला चपला काढायची. विहारात शिरावं तसं, न सांगता. नवीन आहे, लाल आहे, खराब कशाला करायचं. दुपारच्या उन्हात रबर तव्यासारखं तापलेलं, पहिल्या पावलाला सगळे आईआई गं करत नाचायला लागले, तरी चपला कोणी घालेना. बायका साड्या उचलून पळत होत्या. मी एवढी दमलेली, तरी हसले.

बाबांना मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं. हाताला पाण्याची बाटली दिली. लोक येऊन त्यांच्या पाया पडत होते. बाबांनी समोर हात पुढे केला, हवेत चाचपला, लोखंडी कठडा लागला तो धरून बसले.

दोन्ही खेळ एकाच ग्राउंडवर होतात हे लोकांना दिसावं म्हणून मोठ्या साहेबांनी डोकं चालवलं होतं, की दोन्ही एकाच वेळी सुरू ठेवायचे. मधे फुटबॉलची मॅच, कडेनं आमच्या शर्यती, एका टोकाला लांब उडी. फुटबॉलच्या रेफरीची शिट्टी, उडीवाल्यांची शिट्टी, माझी शिट्टी. त्यावर डीजे, आणि डीजेवर तो निवेदक, ‘जोरदार टाळ्या!’ लोक कशाला टाळ्या वाजवतायत हे लोकांनाच ठाऊक नव्हतं. फुटबॉलच्या मॅचमध्ये गोल काही होत नव्हता, त्यामुळे तिकडे मोठा आरडाओरडाही नाही.

माझ्या मुली शेवटच्या शर्यतीला उभ्या राहिल्या. आठ लेन, आठ मुली. मी शिट्टी तोंडात धरून उभी. पहिलं वळण आलं तेव्हा मी श्वास घेतला नाही. गेल्या. सगळ्या गेल्या. लाल ट्रॅकवरून वाऱ्यासारख्या गेल्या, आणि एकीचाही पाय अडकला नाही. शेवटच्या रेषेवर एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मग माझ्या गळ्यात. मी रडले, लाज सोडून रडले. एवढ्या वर्षांचा शीण त्या एका मिनिटात उतरला असं वाटलं. ह्याचसाठी केलं होतं सगळं, आणि ते झालं होतं.

मग डोळे पुसत मी स्टँडवर चढले. बाबा कठडा धरून, मान तिरकी करून बसले होते. चेहरा शांत, लग्नघरी लवकर पोचलेल्या पाहुण्यासारखा. मी शेजारी बसले तसं त्यांनी माझा हात ओळखला.

‘धावल्या का गं पोरी?’

‘धावल्या बाबा. सगळ्या धावल्या. कुणी पडलं नाही.’

‘बरं झालं. बरं झालं हो.’ त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. मग माझ्याकडे वाकून, शेजारच्या खुर्चीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, ‘बाय, मॅच कधी सुरू व्हायची?’

खाली दुसरा हाफ संपत आला होता. बॉल आमच्याच बाजूच्या रेषेवर होता, दोन पोरं त्यासाठी एकमेकांना रेटत होती, तोंडं उघडून काहीतरी ओरडत होती. रेफरी घड्याळ बघत होता. एवढा वेळ माझा बाप तापलेल्या उन्हात, ग्राउंडकडे तोंड करून, मॅच सुरू व्हायची वाट बघत बसला होता.

‘होईल आता,’ मी म्हटलं.

‘होऊ दे सावकाश,’ बाबा म्हणाले आणि कोपरानं मला जरा सरकवून ऐसपैस बसले. ‘आपल्याला कुठं जायचंय.’